कणकेचा गोळा

सप्त्याच्या दिवसांत रात्रीच्या चपात्यांची कणीक भिजवताना, मीठ-तेल घालण्याआधीच आई त्यातला मोठ्या लिंबाएवढा गोळा बाजूला काढायची. वाटीत ठेवून वर ओलं फडकं टाकायची आणि वाटी माझ्या हातात देऊन म्हणायची, "जा, नानांना देऊन ये. वाळू देऊ नको." खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावी घरापासून देवळापर्यंत जाताना मी ती वाटी दोन्ही हातांनी धरलेली असे.

देवळात आमचे नाना पखवाज मांडीवर आडवा घेऊन बसलेले असत. डाव्या तोंडावर ते ओला हात फिरवत, गोळा मधोमध ठेवत आणि अंगठ्याने कडेकडेने दाबत पसरवत नेत. मग एक थाप. आवाज कोरडा, लाकडी यायचा. गोळा अजून थोडा पसरायचा, पुन्हा थाप. असं पाच-सात वेळा झालं की एका थापेला तो कोरडेपणा एकदम जायचा आणि आतून 'घूं' असा भरलेला आवाज निघायचा. तो छातीत लागायचा. नाना मान हलवायचे आणि पेटीवाल्याकडे बघायचे. कणीक जास्त झाली तर सूर खाली जातो, कमी पडली तर वर चढतो, हे मला तेव्हाच कळलं. भजन संपल्यावर नाना ती कणीक नखाने खरवडून काढत आणि सकाळी ती गाईच्या तोंडात जाई.

पुढे मी बेस गिटार हातात घेतली. गेली तीसेक वर्षं जमेल तशी वाजवतोय. कुणी विचारलं की एवढ्या वाद्यांत हेच का, तर मला उत्तर म्हणून ती वाटी आठवते.

बेस गिटारला चार तारा असतात. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. सगळ्यांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते आणि तिच्या शेजारची ५५ वेळा. शेजारच्या तारेला सा धरला तर जाड तार होते खालचा पंचम. म्हणजे तंबोऱ्याची पहिली तार आणि तिचा षड्ज ही जोडी या परक्या वाद्यात आधीच लावून ठेवलेली आहे. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला ते वाद्य परकं वाटेनासं झालं.

पण बेसची आणि माझी पहिली भेट झाली ती ट्रान्झिस्टरवर. विविध भारतीवर संध्याकाळी गाणी लागत आणि मला गाण्याच्या खाली काहीतरी चालताना ऐकू यायचं. बोट ठेवून दाखवता येत नसे, पण ते होतं. खूप वर्षांनी समजलं की त्या बशीएवढ्या स्पीकरमधून ते बाहेर पडणं शक्यच नव्हतं. तेवढा लहान कागदी पडदा सेकंदाला ४१ कंपनांचा सूर हवेत ढकलू शकत नाही. मग मी काय ऐकत होतो?

कोणतीही तार एकटा सूर देत नाही. ४१ला थरथरणारी तार ८२, १२३, १६४, २०५, २४६ अशा आपल्या पटीतल्या सुरांचा अख्खा गोतावळा बरोबर घेऊन येते. लहान स्पीकर त्यातले खालचे गाळतो आणि वरचे तेवढे पोचवतो. पण १६४, २०५, २४६ यांच्यात दर वेळी अंतर ४१चंच राहतं. कान ते ओळखतो, आणि जो सूर आलाच नाही तो मेंदू स्वतः उभा करतो. जुन्या तारेच्या टेलिफोनवर ३०० कंपनांच्या खालचं काही जात नसे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. तरी हॉस्टेलच्या फोनवर नानांचा आवाज मला जाडाभरडा, त्यांचाच ऐकू यायचा. तो अर्धा त्यांनी पाठवलेला होता आणि अर्धा माझ्या कानाने भरलेला होता.

याचीच दुसरी बाजू आपल्या गवयांना पूर्वीपासून ठाऊक आहे. तंबोरा चांगला जुळला, जवारी नीट बसली की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येऊ लागतो. कोणतीच तार गांधाराला लावलेली नसते. खर्जाच्या पाचपट कंपनांवर तो आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्ज छेडला तर वरचा न छेडलेला सूर निघतो, आणि वरचे सूर पोचले तर न पोचलेला खर्ज उभा राहतो. मला हे संगीतातलं सगळ्यांत मोठं औदार्य वाटतं. खालचा सूर ऐकणाऱ्याला कामाला लावतो, त्याच्यावर भरवसा ठेवतो. मला आवडणाऱ्या बेसवादकांकडे पाहिलं की दिसतं, या सगळ्यांनी हा भरवसा ओळखला होता.

त्यांत पहिलं नाव टोनी वाझ यांचं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार त्यांच्या हाती असे. हिंदी सिनेमाच्या संगीतात गोव्याच्या वादकांनी जो पाया घातला त्याच पंक्तीतले ते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेली मुलं मुंबईत आली, हॉटेलांत जाझ वाजवू लागली आणि दिवसा रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत बसू लागली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी आपल्या कानांना हार्मनीची सवय लावली, पण तबकडीच्या वेष्टनावर नावं यायची संगीतकार, गीतकार आणि गायकांची. 'घर' या १९७८ सालच्या सिनेमातलं 'तेरे बिना जिया जाए ना' ऐकावं. लताबाईंच्या आवाजाखाली मादल आणि बेस जोडीने चालतात. मादल नेपाळी डोंगरातलं, बेस अमेरिकेतला, आणि दोघं मिळून करतात ते काम आमच्या देवळातल्या पखवाजाच्या डाव्या तोंडाचं. बेस तिथे चाल सांगत नाही, ताल मोजून दाखवत नाही. गाणाऱ्या बाईच्या पायाखाली जमीन किती ओली आहे, एवढंच सांगतो.

असाच न छापलेल्या नावाचा माणूस अमेरिकेत होता. डेट्रॉइट शहरातल्या एका घरात मोटाऊन कंपनीचा स्टुडिओ होता आणि साठच्या दशकात तिथून एकामागून एक गाणी जगभर गेली. त्यातल्या कितीतरी गाण्यांत बेस होता जेम्स जेमर्सन यांचा. ते उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने वाजवत. त्या बोटाला लोक 'हुक' म्हणत. त्यांच्या ओळी गाण्याला टेकू देता देता स्वतःही गात, पण गायकाच्या शब्दावर कधी चढत नसत. त्यांचं नाव वेष्टनावर छापलं गेलं ते १९७१ साली, मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर. तोवर लाखो लोकांनी त्यांना ऐकलेलं होतं आणि त्यांच्यातल्या फारच थोड्यांना ते माहीत होते. १९८३ साली ते गेले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. मी त्यांची ओळ बसवायला घेतली की पहिल्यांदा डाव्या हाताने ऐकतो, म्हणजे सूर कुठे धरायचा ते. मग उजव्या हाताने, म्हणजे कुठे थांबायचं ते. दुसरं शिकायला जास्त दिवस लागतात.

थांबण्याचा धडा मला दोन जागी मिळाला. एक आमच्याच भागात. उमेदवारीच्या काळात मी खोपोलीतल्या एका गणपतीच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत होतो. नवे पलटे हाताला बसले होते, आणि प्रत्येक रिकामी जागा मी भरत होतो. नाना ऐकायला आले होते. घरी परतताना त्यांनी एवढंच विचारलं, "दादऱ्याला खाली कशाने कळते?" मी गप्प. मग तेच चालता चालता तोंडाने म्हणाले, "धा धी ना, ता ती ना." पहिल्या तिघांत डग्गा घुमतो, दुसऱ्या तिघांत तो मिटलेला असतो. खाली कळते ती डग्गा नसल्याने. कान त्या गप्प बसलेल्या डग्ग्याची वाट पाहतो आणि सम आली की सुटतो. "तू गप्प बसतोस कुठं?" नाना म्हणाले. एवढंच.

दुसरा धडा जॉन डीकन यांच्या १९८० सालच्या ओळीतून. क्वीन या चौघांच्या बँडमधले ते बेसवादक. त्यांचा गायक म्हणजे पाचगणीच्या शाळेत शिकलेला, तिथेच पोरवयात पहिला बँड केलेला फारुख बलसारा, जगाला माहीत असलेला फ्रेडी मर्क्युरी. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' ही डीकन यांची रचना. तिची ओळ म्हणजे एकाच सुराचे तीन ठोके आणि मग मोकळी जागा. पुन्हा तेच तीन, आणि मग एक छोटं वळण. शाळकरी पोरालाही दहा मिनिटांत हाताला बसेल. पण त्या मोकळ्या जागेत पाऊल जितकं आपोआप पडतं तितकं कुठल्याही सुरावर पडत नाही. त्या जागेतला सूर आपण वाजवतो. ऐकणारा आत ओढला जातो तो तिथेच. मला ही ओळ ऐकताना प्रत्येक वेळी नानांचा दादरा आठवतो, आणि दोन्हींमध्ये मला काही अंतर वाटत नाही.

बेस गिटारला सतारीसारखे पडदे असतात. १९५१ साली लिओ फेंडर यांनी जी बेस बाजारात आणली तिचं नावच 'प्रिसिजन' होतं, कारण पडद्यांमुळे सूर नेमका लागे. उभ्या डबल बेसवर तो जागा शोधून लावावा लागायचा. त्याच वर्षी जन्मलेल्या जॅको पास्टोरियस यांनी पुढे आपल्या बेसचे पडदे उपटून टाकले, खाचा बुजवल्या आणि लाकडावर होडीला देतात तसलं इपॉक्सी चढवलं. १९७६ सालची त्यांची पहिली तबकडी मी ऐकली तेव्हा मला कुणीतरी सारंगीला खालच्या सप्तकात घेऊन बसल्यासारखं वाटलं. सूर एकमेकांत वितळत होते. ज्याला आपण मींड म्हणतो ती या माणसाने पडदे काढून मिळवली होती. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन सूर वर नेतात तशी त्यांची बोटं तारेवर सरकायची. छत्तिसावं वर्ष पुरं होण्याआधीच, १९८७ साली, ते एका मारहाणीत गेले. त्यांच्या वाजवण्यात सूर भरपूर आहेत, पण त्यांची संथ ओळ ऐकली की लक्षात राहतो तो एका सुरापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता.

मींडेची आणखी एक गोष्ट मुंबईतच घडली, आणि तिची कदर व्हायला जवळजवळ तीस वर्षं लागली. चरणजितसिंग हे सिनेसंगीतात बेस आणि इतर वाद्यं वाजवणारे वादक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रोलंड या जपानी कंपनीने टीबी-३०३ नावाची एक लहान पेटी काढली. एकट्या गिटारवाल्याला बेसवादकाशिवाय सराव करता यावा, हा तिचा हेतू. खऱ्या बेससारखी ती वाजत नसे, म्हणून खपली नाही आणि १९८४ साली बंद पडली. बेसवादकाची जागा घ्यायला बनवलेलं ते यंत्र चरणजितसिंग यांनी, म्हणजे एका बेसवादकानेच, हाती घेतलं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय त्यात होती. ती पेटी जोडीला घेऊन त्यांनी भैरवी, ललित, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. १९८२ साली एचएमव्हीने तबकडी काढली, पण ती कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. पुढे शिकागोत त्याच पेटीतून नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकारच जन्मला. २०१० साली ही तबकडी पुन्हा निघाली, आणि जगभरचे लोक विचारू लागले की हे मुंबईत आधीच कुणीतरी केलं होतं का. चरणजितसिंग २०१५ साली गेले. लोकांनी टाकून दिलेल्या यंत्राला मींड येते हे त्यांना ऐकू आलं, कारण त्यांचा कान खालच्या सुरांवर तयार झालेला होता.

आज मोहिनी डे या मुंबईत वाढलेल्या मुलीला जग बेससाठी ओळखतं. वडीलही बेसवादक, त्यामुळे वाद्य घरातच होतं. तिचा हात इतका वेगवान आहे की नजर पुरत नाही, पण मला ती आवडते ती तालाच्या जाणकारीसाठी. तिच्या बोटांतून तबल्याचे आणि मृदंगाचे बोल ऐकू येतात. वेगातही सम कुठे आहे हे ती विसरू देत नाही. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रांतून बेसवाला पहिल्यांदा कमी झाला होता. कीबोर्डवाला डाव्या हाताने भागवायचा. आता खोपोलीतही एखादी शाळकरी मुलगी मोहिनीचा व्हिडिओ दाखवून विचारते, "काका, हे वाद्य कुठं मिळतं?" तेव्हा मला फार बरं वाटतं.

खालचे सूर ऐकायची सवय मला वाद्यांआधी आमच्या या भागानेही लावली असेल. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात त्या मागे बँकर इंजिनं लागण्यासाठी. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ सालचा, चढ ३७ फुटांना एक फूट. पुढचं इंजिन ओढतं आणि बँकर मागून रेटतात. खोपोलीच्या लोकलसाठी कर्जतला उभा असलो की गाडीचा पुढचा भाग निघून जातो, खिडक्या निघून जातात, आणि शेवटी बँकरची धडधड फलाटाच्या फरशीतून तळपायात शिरते. डब्यातल्या कुणाला ते इंजिन दिसत नाही. घाट चढून झाला की ते सुटतं आणि परत येतं, पुढच्या गाडीसाठी.

आणि वीज. घाटमाथ्यावरच्या लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचं पाणी जाडजूड नळांतून उतरून खोपोलीच्या टाटांच्या वीजघरात येतं. १९१५ सालापासून हे चालू आहे. मुंबईच्या गिरण्या त्या पाण्यावर फिरल्या. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. आमच्या घरचं अर्थिंग एका पावसाळ्यात बिघडलं होतं, तेव्हा अँप्लिफायर चालू केला की हाताने काही न वाजवता एक संथ गुणगुण सुरू व्हायची. बेसच्या जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर ४९ कंपनांचा. गुणगुण त्याच्या जवळजवळ अंगालाच लागून होती. मी तो सूर धरायचो आणि दोघांमधला एका कंपनाचा फरक खोलीत लाटेसारखा वर-खाली व्हायचा, सेकंदाला एकदा, श्वासासारखा. अर्थिंग दुरुस्त करून घेतलं. पण ती लाट अजून कानात आहे. घाटावरचं पाणी मला तेव्हा ऐकू आलं, असंच मला वाटत आलंय.

नाना आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. वयाबरोबर कान जातात ते वरच्या सुरांकडून. आधी टाळ गेले, मग चिपळ्या, मग पाखरं. सुनेचं बोलणं कळत नाही, नातीचं तर मुळीच नाही. पखवाज भिंतीला खोळ घालून टांगलेला आहे. देवळात बसतात, पण भजन आता डोळ्यांनी बघतात. त्यांच्याकडे पाहून मला वाटायचं, यांच्यासाठी सगळं हळूहळू मिटत चाललंय.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी पडवीत बेस घेऊन बसलो होतो. बाहेर मुसळधार पाऊस, लाइट मात्र होती. नाना येऊन शेजारच्या बाकावर बसले आणि त्यांनी अँप्लिफायरच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवला. मी मधल्या दोन ओळी वाजवल्या. मग खालच्या दोन मोकळ्या तारा एकामागून एक छेडल्या, खालचा पंचम आणि त्याचा षड्ज. नानांची मान हलली नाही. त्यांनी कपाळाला आठी घातली.

"कणीक जरा जास्त झालीय," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. पुन्हा दोन्ही तारा छेडल्या. जाड तार उतरली होती, केसभर. माझ्या कानाने ते सोडून दिलं होतं.

"थोडी काढ," नाना म्हणाले.

मी खुंटी हळूहळू पिळू लागलो. तार वाजत ठेवली. त्यांचा हात खोक्यावर तसाच होता, आणि डोळे अंगणातल्या पावसावर. सूर चढत गेला. एका जागी त्यांनी तर्जनी उचलली. मी थांबलो. ट्यूनर बाकावर होता. काटा मधोमध उभा होता.

"हां," नाना म्हणाले, "आता वाजव. आणि मधे जागा ठेव."